पाणी पिकेपर्यंत

सकाळी पावणेसातला मासा आडवा तरंगताना दिसला आणि तिच्या मनात पहिला विचार आला तो भांडं धुवायचा. दुसरा माशाचा. तिसरा सासऱ्यांचा, आणि तो इतक्या उशिरा यावा याची तिला मग दिवसभर लाज वाटत राहिली. ते तिच्या मागेच उभे होते. हातात चहाचा कप, अंगात उलटं घातलेलं बनियन. "एक उतरला," ते म्हणाले, आणि कप घेऊन आपल्या खोलीत गेले. अडतीस वर्षं त्यांनी एका अकरा मजली कचेरीत लिफ्ट चालवली होती. त्यांच्या लेखी माणसं जन्मत आणि मरत नसत, चढत आणि उतरत. आठ महिन्यांपूर्वी त्यांचा मुलगा, म्हणजे तिचा नवरा, गेला तेव्हा मात्र ते असलं काही म्हणाले नव्हते. काहीच म्हणाले नव्हते. तिने मासा चमच्याने उचलला, जुन्या वर्तमानपत्रात ठेवला, आणि हात आपसूक ठरलेल्या घड्या घालत गेले: आधी आपल्याकडचा कोपरा, मग डावा, मग उजवा, शेवटचा आत खोचायचा. रुग्णालयाच्या तळघरात ती एकवीस वर्षं ह्याच घड्या घालत होती. वरून रक्ताळलेल्या कात्र्या, चिमटे, वाट्या खाली यायच्या. त्या धुवायच्या, मोजायच्या, हिरव्या कापडात बांधायच्या आणि वाफेच्या यंत्रात सरकवायच्या. गठ्ठ्यावर एक चिकटपट्टी असते, पुरेशी वाफ लागली की तिच्यावरच्या फिकट रेघा काळ्या होतात. रेघ काळी नाही तर गठ्ठा परत, मग वर शल्यचिकित्सक हातमोजे घालून ताटकळत का उभा असेना. तळघरात तिला सगळे उकळीबाई म्हणत. तिला त्याचं वाईट वाटत नसे. जगात फारशा गोष्टींची खात्री देता येत नाही, तिच्या गठ्ठ्यांची देता येत असे.

मासे घरात येऊन महिनासुद्धा झाला नव्हता. वरच्या मजल्यावरची शिक्षिका घर बदलून जाताना ते गोल भांडं सासऱ्यांच्या हातात देऊन गेली होती. दोन सोनेरी मासे, तळाला मूठभर खडे, आणि वर 'आजोबा, तुम्हाला तेवढीच सोबत' असा शेरा. तो शेरा हिला लागला होता. आपण काय घरात नाही? पण मग तिने मनाशी हिशोब मांडून बघितला, की दिवसभरात आपण दोघं बोलतो किती. सकाळी 'चहा ठेवलाय.' दुपारी ती कामावरून आली की 'आलीस?' आणि 'आले.' मग संध्याकाळ होते. मधला माणूस गेला की दोन टोकं अशीच राहतात, एकमेकांना धरून नाहीत आणि सुटलेलीही नाहीत. मासे आल्यावर निदान बोलायला विषय झाला. ते त्यांना पॅसेंजर म्हणायचे. पॅसेंजर आज जेवले नाहीत. पॅसेंजर एकमेकांकडे पाठ करून उभे आहेत, बढती न मिळालेल्या साहेबांसारखे. हा विषय टिकून राहावा म्हणून तिला जे उत्तम जमत होतं ते ती करत राहिली: रोज सकाळी मासे मगमध्ये काढायचे, सगळं पाणी ओतून द्यायचं, भांडं उकळत्या पाण्याने धुवायचं, खडे जुन्या पातेल्यात वीस मिनिटं उकळायचे, आणि नळाचं ताजं पाणी भरायचं. भांडं असं लखलखायचं की मासे हवेतच तरंगताहेत असं वाटावं. ह्यांना रोज आंघोळ आणि मला एक दिवसाआड, असं सासरे एकदा म्हणाले होते, आणि ती कितीतरी दिवसांनी हसली होती. सव्विसाव्या दिवशी एक मासा मेला.

आणि नेमका ह्याच आठवड्यात. येत्या रविवारी वन्सं यायच्या होत्या, वडिलांना न्यायला. नवऱ्याची ही मोठी बहीण मनाने वाईट नव्हती. फोनवर ती हिला अगदी मायेने म्हणाली होती, की तू किती दिवस अडकून राहणार, तुझंही वय काही संपलेलं नाही, आणि शेवटी बाबा माझे आहेत. त्यात खोडून काढण्यासारखं काही नव्हतं. मुलगा नसताना सून म्हणजे कोण, हे कुठे लिहून ठेवलेलं नसतं. सासऱ्यांना विचारलं तेव्हा ते फोनमध्ये 'येतो' एवढंच म्हणाले होते, आणि तिने नळ मोठा सोडून भांडी घासायला घेतली होती, घासलेलीच. परवा केर काढताना त्यांच्या खाटेखाली बॅग दिसली. भरलेली. साखळी पूर्ण ओढलेली. राहा म्हणायचा आपल्याला हक्क नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं, आणि का नाही तेही. म्हणून त्या दिवशी दुपारी ते स्वतःहून 'उरलेल्याला नीट काहीतरी बघू या' म्हणाले, तेव्हा तिने कारण विचारलं नाही, की तीन दिवसांवर निघालेला माणूस माशाचं घर कशाला शोधतो. चपला घातल्या आणि निघाली.

माशांचं दुकान म्हणजे एक लांबट, अंधारी, ओलसर खोली होती. दोन्ही बाजूंना टाक्यांच्या रांगा, त्यांच्या आत दिवे, आणि सगळीकडून बुडबुड्यांचा आवाज. पन्नास पातेल्यांत एकदम मंद आचेवर काहीतरी शिजत असावं तसा. वास तळ्याचा. तिच्या नाकाने लगेच नोंद केली: शेवाळ, कुजलेलं पान, न धुतलेलं फडकं. दुकानातली बाई कोपरापर्यंत ओले हात घेऊन आतून आली, चष्मा डोक्यावर. सासऱ्यांनी आधी सगळ्या टाक्यांसमोरून एक फेरी मारली, मालक नवी इमारत बघायला जातो तशी. एका उंच टाकीपाशी बाई थांबली, ही हल्ली फार खपते म्हणाली, कोपऱ्यात छान दिसते, जागा कमी लागते. सासऱ्यांनी टाकीकडे मान वर करून, मग खाली करून बघितलं. उंच नको, ते म्हणाले. वर आणि खाली ह्यात काही नाही, मी अडतीस वर्षं करून बसलोय. ह्याला आडवं जायला मिळालं पाहिजे. दुकानातली बाई पहिल्यांदा त्यांच्याकडे नीट बघू लागली. माशाच्या बाबतीत हे शंभर टक्के खरं आहे असं तिने सांगितलं. त्याला उंची काय करायची, त्याला लांबी हवी, आणि वरून पाण्याचं तोंड रुंद हवं म्हणजे हवा मिळते. शिवाय हा आज बोटाएवढा दिसतो, पण नीट जगला तर वीतभर होतो आणि पंधरा वर्षं सोबत करतो. गोल भांड्यात? गोल भांड्यात मी किल्ल्या ठेवते, बाई म्हणाली. सासरे खूश झाले. गोल लिफ्ट बघितली आहे का कुणी, असं त्यांनी विचारलं, माणसाला निदान कोपरा तरी हवा पाठ टेकायला.

मग बाईने हिच्याकडे वळून विचारलं की पाणी किती दिवसांनी बदलता. ह्या प्रश्नाची ती वाटच बघत होती. पहिल्या बाकावरच्या मुलीसारखं तिने सगळं सांगितलं: रोज, सगळंच्या सगळं, भांडं उकळत्या पाण्याने, खडे वीस मिनिटं. बाईने डोक्यावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला. "अहो," ती अगदी हळू म्हणाली, "मग तो तुमच्या स्वच्छतेनेच गेला की." आणि ओल्या हातांनीच समजावून सांगू लागली. मासा पाण्यातच जेवतो आणि पाण्यातच घाण करतो, त्या घाणीचं विष होतं. ते विष खाणारे जंतू असतात, दिसत नाहीत, खड्यांवर, काचेवर, गाळणीच्या स्पंजावर वस्ती करतात. ती वस्ती बसायला महिना दीड महिना लागतो. त्याला पाणी पिकणं म्हणतात. तुम्ही रोज सकाळी त्यांना उकळून मारत होतात, वर नळाचं कोरं पाणी, त्यातल्या औषधाने माशाचे कल्ले भाजतात, आणि गार-गरमचा धक्का वेगळा. "चांगले जंतू असतात हो," बाई म्हणाली, जणू एखाद्या कुटुंबाची बाजू घेत होती. सासरे एका टाकीत बघत होते. त्यांनी ऐकलं की नाही कळलं नाही. तिच्या मनात मात्र माशाबद्दल बोललेलं ते सगळं आपसूक दुसऱ्या कुणावर तरी जाऊन बसत होतं.

नवऱ्याला रक्ताचा आजार निघाला तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं होतं, ह्या औषधांनी शरीराची ताकद शून्यावर येते, साध्या जंतूचंही निमित्त होऊ शकतं, जपा. जपा हा शब्द डॉक्टरांनी एकवीस वर्षं उकळीबाई असलेल्या बाईला सांगितला होता. पहिल्या औषधानंतर नवरा तीन आठवडे घरी होता आणि त्या तीन आठवड्यांत तिने घराचं तळघर केलं. पडदे काढले. पुस्तकं काढली. त्याची लाडकी, कोपरे कुरतडलेली उशी काढली. भिंती पुसल्या. त्याच्या खोलीच्या उंबऱ्याशी पांढरी चिकटपट्टी लावली आणि सासऱ्यांना सांगितलं की हिच्या आत यायचं नाही. कठोरपणे नाही, नीट समजावून सांगितलं होतं. आणि त्यांनी कधी वाद घातला नाही. एक खुर्ची आणून पट्टीच्या अलीकडे ठेवली. बाप इकडे, मुलगा तिकडे, मध्ये आठ-नऊ फूट. ते त्याला जुन्या लिफ्टच्या गमती सांगायचे, वीज गेल्यावर दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेल्या आणि तेवढ्यात जुनं भांडण मिटवून बाहेर आलेल्या दोन कारकुनांची, आणि नवरा हसताना खोकला की ती बाहेरून यायची आणि सासरे गप्प व्हायचे. एकदा त्यांनी नुसतं विचारलं होतं, कपाळाला हात लावू का. ती म्हणाली होती, हातमोजे घालून. ते 'राहू दे' म्हणाले. तीन आठवडे झाले आणि ताप चढला, आणि रुग्णालयात सहाव्या दिवशी सगळं संपलं. खात्री देता येणारी सगळी कामं तिने केली होती आणि उपयोग शून्य. उरलं काय, तर एका म्हाताऱ्या माणसाला तिने मुलाच्या कपाळाला हात लावू दिला नव्हता. ते 'येतो' म्हणाले ते ह्याच्यामुळे. त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही, पण असल्या गोष्टी बोलाव्या लागत नाहीत.

"ही किती जणांची?" सासरे विचारत होते. एका लांब, बुटक्या टाकीपाशी ते थांबले होते, साडेतीन फूट लांब, दीड फूट रुंद, काहीच नखरा नसलेली. बाईने तितक्याच गांभीर्याने उत्तर दिलं, दोघांची, आरामात. जास्त कोंबू नका. सध्या एकटाच राहू दे, पाणी पिकलं की जोडीला दुसरा आणा, ह्यांना एकटं करमत नाही. ठेवणार कुठे, हा पुढचा प्रश्न. भरल्यावर दोन-तीन माणसांएवढं वजन होईल, थेट उन्हात नको, पुन्हा पुन्हा हलवता येणार नाही. सासऱ्यांनाही ठाऊक होतं आणि तिलाही, की साडेतीन फूट मोकळी भिंत घरात एकच आहे, जिथे तिच्या नवऱ्याची खाट होती. ती खोली आठ महिने बंद होती. ती आठवड्यातून एकदा उघडून फरशी पुसायची आणि पुन्हा लावून घ्यायची. "त्यांच्या खोलीत ठेवू," ती म्हणाली, आणि आपला आवाज ऐकून तिला वाटलं, बरंच सोपं होतं की हे. निघताना बाईने स्वतःच्या टाकीतल्या गाळणीचा स्पंज बाहेर काढला, तपकिरी, बुळबुळीत, कात्रीने त्याचा अर्धा तुकडा कापला आणि थोड्या पाण्यासकट पिशवीत बांधून हिच्या हातात दिला. तुमच्या गाळणीत घाला, वस्ती लवकर बसेल. "फक्त धुऊ नका," ती म्हणाली. "हात जोडते तुमच्यापुढे."

दुसऱ्या दिवशी दोन हमालांनी टाकी आणि लोखंडी मेज आणून भिंतीशी लावलं. सासऱ्यांनी सपाटी बघायला मेजावर पाण्याचा पेला ठेवला आणि डोळा बारीक करून बराच वेळ वाकून बघितलं. लिफ्ट मजल्याला बरोबर लागली आहे का, हे बघायची त्यांची तीच पद्धत असावी. बादल्या ती भरत होती आणि ओतत होती. बाईने दिलेले, नळाच्या पाण्यातलं औषध मारणारे थेंब घातले. मग पिशवी उघडली. आयुष्यात पहिल्यांदा तिने स्वच्छ पाण्यात मुद्दाम घाण घातली. स्पंज पिळला तसा तपकिरी धूर टाकीभर पसरत गेला, आणि तिचे हात इतके शिवशिवले की तिने ते काखेत दाबून धरले. "सूनबाई, घाम आलाय तुला," सासरे म्हणाले. तिने सांगितलं की बादल्या उचलल्या म्हणून. एकवीस वर्षं गठ्ठे उचललेस, तेव्हा नाही आला, असं काहीतरी ते पुटपुटले. शनिवारी दुपारपर्यंत गढूळपणा बसला. त्यांनी उरलेला मासा भांड्यातल्याच पाण्यासकट एका पिशवीत घेतला, पिशवी तासभर टाकीत तरंगत ठेवली, गार-गरम जुळायला, आणि मग अलगद सोडला. दोघं दोन खुर्च्या टाकून बसले. मासा डाव्या कोपऱ्यात गेला आणि तिथेच गोल फिरू लागला. बरोबर भांड्याएवढा गोल. समोर तीन फूट मोकळं पाणी, पण तो नसलेल्या काचेपाशी येऊन वळत होता. "सवय," सासरे म्हणाले. "निवृत्त झाल्यावर वर्षभर मी कुठल्याही खोलीत गेलो की दाराकडे तोंड करून उभा राहायचो. तुझी सासू म्हणायची, बसा आता, कुणी येत नाहीये." तिला हसू आलं, आणि हसू येत असतानाच तिला दिसलं की उद्या रविवार आहे.

"मामंजी, मी तुम्हाला त्यांच्याजवळ बसू दिलं नाही," ती म्हणाली. म्हणाली ती टाकीकडे बघून. त्यांच्याकडे बघून तिला ते जमलं नसतं. हवेच्या पंपाची गुणगुण चालू होती. तिला वाटलं, आता ते उठून जातील.

"बसलो होतो मी," ते म्हणाले.

ती कामावर गेली होती, तिसऱ्या आठवड्यातल्या मंगळवारी. त्याने आतून हाक मारली, बाबा, या ना. आणि ते गेले. पट्टी ओलांडली, हात धुतले नाहीत, तोंडाला काही बांधलं नाही, खाटेवर त्याच्या शेजारी जाऊन बसले. तासभर. शुक्रवारी ताप चढला. हे सगळं ते सांगत होते एकेक मजला मोजत उतरावं तसं, आणि त्यांचे हात गुडघ्यांवर पालथे पडलेले होते. तू इतकं जपलंस, ते म्हणाले, रात्र म्हटली नाहीस, दिवस म्हटला नाहीस, भिंती पुसल्यास, आणि मी एका तासात घालवलं. रोज सकाळी तुझ्या हातचा चहा घेताना वाटतं, आज सांगू, आणि कप संपतो. म्हणून थोरलीला येतो म्हटलं. निदान तुझ्या डोळ्यांसमोर तरी नको.

आठ महिने एकाच घरात, एकाच टेबलाशी, दोन माणसं एकमेकांपासून तोंड लपवत होती, आणि दोघांनाही वाटत होतं की रागावलेलं माणूस समोरचं आहे. मग तिच्या लक्षात आलं की ती जे तोंडपाठ सांगू शकते ते ह्या माणसाला कुणी सांगितलेलंच नाही. आपणच नाही. "मामंजी, इकडे बघा," ती म्हणाली. "तो जंतू बाहेरचा नव्हता. रुग्णालयात रक्त तपासलं होतं. तो त्यांच्याच आतड्यातला होता. तुमच्या-माझ्या सगळ्यांच्या पोटात असतो, काही करत नाही. त्यांच्या अंगात अडवायला काही उरलं नव्हतं, म्हणून तो रक्तात उतरला. तुमच्या हाताचा नव्हता." आणि मग, जरा थांबून, "माझ्याही नव्हता."

"तुझ्या का असेल?" ते म्हणाले.

"मी रोज रुग्णालयातून घरी यायचे, मामंजी."

तिने सांगितलं की तेरावं उरकून ती कामावर गेली ती आधी प्रयोगशाळेत गेली होती, तिथल्या डॉक्टरीणबाईंकडून अहवालाची एकेक ओळ समजून घेतली होती, तीनदा विचारलं होतं, बाई चिडेपर्यंत. रोज कपडे बदलून, केस धुऊन, तरीही आपण आणलं असेल का, हे विचारून घेतल्याशिवाय तिला पाण्याचा घोटसुद्धा गिळवत नव्हता. तिला तिचं उत्तर मिळालं, आणि ते तिने कपाटात ठेवून दिलं. दुसऱ्या कुणाला ते लागत असेल असं तिच्या डोक्यातच आलं नाही. "लेखी आहे?" सासऱ्यांनी विचारलं. लेखी आहे, ती म्हणाली, आणि उठून फाईल घेऊन आली. त्यांच्याजवळ चष्मा नव्हता. त्यांनी तो कागद तसाच हातात धरला, दिव्याच्या दिशेने कलता केला, आणि एक अक्षर न दिसता वरपासून खालपर्यंत वाचला. मग घडी घालून तिला परत दिला नाही. खिशात ठेवला.

टाकीकडे वळून त्यांनी विचारलं, ती बाई पाणी किती दिवसांत पिकतं म्हणाली होती. सहा आठवडे, ती म्हणाली, स्पंज घातलाय म्हणून कदाचित चार. दर आठवड्याला पाव भाग पाणी बदलायचं, तेवढंच. त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं. मग थोरलीला फोन लावून दे म्हणाले. फोनवर त्यांचा आवाज एकदम लिफ्टमधला झाला, मोठा आणि सरकारी. येऊ नकोस असं नाही, जरूर ये, जेवायलाच ये, पण न्यायला नको. इथे पाणी अजून कच्चं आहे. पलीकडून वन्सं काय म्हणाल्या ते ऐकू आलं नाही, पण त्या बरंच म्हणाल्या असाव्यात. सासरे मध्ये मध्ये 'हो' म्हणत होते. "अगं, पाणी म्हणजे पाणी," ते शेवटी म्हणाले, "सूनबाई एकटी असली तर उकळून टाकेल," आणि फोन हिच्याकडे दिला. हिने वन्संना टाकीची लांबी-रुंदी सांगितली, दुसरं काही सुचलं नाही.

दुपार कलली. मासा अजून डाव्या बाजूलाच होता, पण त्याचा गोल जरा लांबट झाल्यासारखा वाटत होता. किंवा त्यांना तसं वाटायला हवं होतं. ती उठून दिवा लावणार होती, आणि उठली नाही. तासभर काय बोललात त्या दिवशी, असं तिने विचारलं. हे विचारताना तिला भीती वाटली नाही, नुसती भूक लागल्यासारखं झालं. आठ महिन्यांत त्याच्याबद्दल काही नवीन तिच्या कानावर पडलं नव्हतं.

"बोललो कुठे," सासरे म्हणाले. "पाठ खाजवून द्या म्हणाला. शाळेत असताना म्हणायचा तसं. आणि माझी नखं कापलेली, तर म्हणतो, बाबा, काय उपयोग तुमचा."

"डाव्या खांद्याच्या खाली," ती म्हणाली.

"हो. थोडं आत." त्यांनी हात उचलून हवेतच ती जागा दाखवली, बोटं जराशी वाकवून. "तिथे त्याचा हात पोचत नाही."

"नाही पोचत," ती म्हणाली.